जमना, मोलगी आणि पाठमोरे बसणारे आप्पा

परत येऊन आठ दिवस झाले, तरी माझी पिशवी शिंकायला लावते. नंदुरबारच्या मिरच्यांची पुरचुंडी तिच्यात होती. ती मी काढली, पिशवी धुतली, उन्हात वाळवली, पण वास काही जात नाही. घरचे म्हणतात, पिशवी टाकून दे. मी टाकणार नाही. आमच्या कोल्हापुरातली माणसं मला विचारतात, "नंदुरबारला काय बघायला गेली होतीस?" मी सांगते, एका दिग्दर्शकाला बघायला. मग ती अशी बघतात की जणू मी देवदर्शनाला म्हणून निघाले आणि पुजाऱ्याला भेटून परत आले. त्यांच्यासाठीच हे लिहिते आहे.

झालं होतं असं. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी हौशी नाटकांच्या स्पर्धांना परीक्षक म्हणून जाते. काही वर्षांपूर्वी एका स्पर्धेत धानोऱ्याच्या मंडळींचं अहिराणी नाटक पाहिलं आणि शेऱ्यात एक वाक्य लिहिलं, "दिग्दर्शकाचे लक्ष रंगमंचापेक्षा प्रेक्षकांकडे अधिक असल्याचे जाणवते." खरं सांगायचं तर तो टोमणा होता. नाटकात टाळ्या घेणाऱ्या जागा फार होत्या, म्हणून मी नाक मुरडलं होतं. पुढच्या महिन्यात दिग्दर्शकाचं पत्र आलं. पुंडलिक पाटील, निवृत्त प्राथमिक शिक्षक, मुक्काम धानोरा. "एवढ्या वर्षांत हे तुमच्या एकट्यांच्याच लक्षात आलं. एकदा आमच्याकडे या." आभार कसले मानतोय हा माणूस, मला कळेना. तेव्हापासून दर दिवाळीला पत्र यायचं आणि मी दर वेळी "नक्की येते" म्हणून टाळायची. यंदाच्या पत्रात एक ओळ जास्त होती, "या फेब्रुवारीत जमनाचं नाटक घेऊन मोलगीला जातोय. बहुधा शेवटचं." मग मात्र निघाले.

धानोरा

पुंडलिक आप्पा दारातच उभे होते. उंच, सडसडीत, पांढरा सदरा, गुडघ्याला पट्टा. वय चौऱ्याहत्तर. त्यांच्यामागून त्यांच्या पत्नी शेवंताबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या.

"या ताई, या. आम्ही सकायपाईन वाट देखी ऱ्हायनूत," त्या म्हणाल्या.

घरात शिरले आणि थबकलेच. समोरच्या भिंतीवर, गणपतीच्या फोटोशेजारी, माझा शेरा चौकटीत घालून लावलेला! खाली माझी सही. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"आप्पा, हे..." मी काहीतरी बोलायला लागले.

"तुम्हाला कळलं कसं, ते सांगा," आप्पा म्हणाले. "मी पहिल्या रांगेत उलटा बसलो होतो, ते अंधारात कुणाला दिसलं नव्हतं. बाकीच्या परीक्षकांना तर नाहीच."

तेव्हा मला उलगडा झाला. आप्पा नाटकाला पाठ करून बसतात! चाळीस वर्षं, प्रत्येक प्रयोगाला, रंगमंचाच्या अगदी पुढ्यात, पण तोंड प्रेक्षकांकडे. मांडीवर वही. कोण कधी जांभई देतो, कुठल्या वाक्याला बाया एकमेकींशी बोलायला लागतात, म्हातारा कधी विडी काढतो, सगळं टिपतात. दुसऱ्या दिवशी ती जागा नाटकातून काढून टाकतात.

"नाटक तं मी तालीममा देखेल शे," आप्पा म्हणाले. बोलण्याच्या भरात आले की त्यांची शाळेतली मराठी सुटते. "लोके मातर दर गावले नवा ऱ्हातस. मंग देखानं कोनले?"

माझ्या टोमण्याचा त्यांनी एवढा मान केला होता. खरं सांगून टाकावं असं तीन वेळा मनात आलं, तिन्ही वेळा शेवंताबाईंनी ताटात काहीतरी वाढलं आणि राहून गेलं.

त्या ताटाबद्दल थोडं. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, हिरव्या वांग्याचं भरीत, वर कांद्याची पात, शेवभाजी आणि एका कोपऱ्यात लाल ठेचा. मी कोल्हापूरची. तांबड्या रश्श्यावर वाढलेली. ठेचा चमच्याने घेतला आणि शेवंताबाई "हयू हयू, ताई" म्हणेपर्यंत तोंडात टाकलासुद्धा. पुढचा काही काळ मला आठवत नाही. डोळ्यांतून, नाकातून पाणी, कानांत शिट्ट्या. शेवंताबाईंनी गुळाचा खडा दिला, मग ताक, मग परत गूळ.

"आते कथं गयं तुम्हनं कोल्हापूर?" त्यांनी विचारलं, आणि पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की मलाही रडता रडता हसू फुटलं. आमच्याकडे तिखटाचा रंग दिसतो, इथे नुसता हिसका बसतो. कोल्हापूरचा हा पराभव मी इथे पहिल्यांदाच जाहीर करते आहे.

दुपारी आप्पांनी वह्यांची ट्रंक उघडली. त्यांचं अख्खं आयुष्य तिच्यात होतं. वडिलांना वाटायचं, पोराने कापूस बघावा. हे मास्तर झाले. पहिलं नाटक शाळेच्या ओसरीवर, हेडमास्तरांची शाल पडदा म्हणून. मग जत्रेत, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर. खांडबाऱ्याला बदली झाली तिथे मंडळी जमली, आणि दर हिवाळ्यात एक नाटक घेऊन गावोगाव फिरायचं ठरून गेलं. आमच्याकडे नाटक म्हटलं की आधी पुढच्या सोफ्यावर कोण बसणार याची चर्चा होते. आप्पांच्या नाटकाला खुर्चीच नसते. "खुर्चीवरला मानूस मनातलं तोंडवर येऊ देत नही," असं त्यांचं म्हणणं. प्रत्येक गावाचं एक पान. "दुसरा अंक, कुऱ्हाडीचं वाक्य, तीन बाया कांद्याच्या भावावर गेल्या. वाक्य काढणे." "म्हातारी झोपली, पण गाण्याला जागी झाली. गाणं आधी आणणे." मी परीक्षक म्हणून आजवर इतके शेरे लिहिले, पण असा एकही लिहिला नाही.

मग ते एका पानावर थांबले. वर लिहिलं होतं मोलगी. खाली दोनच शब्द, "सगळे उठले." बाकी पान कोरं.

तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. नाटक तेच, जमनाचं. आप्पांनी स्वतः लिहिलेलं. गोष्ट साधी आहे. जमना नवऱ्याशी भांडून नाला ओलांडून माहेरी जाते आणि जाताना सांगते, काठावर उभा राहून मला नावाने तीन हाका मारशील तर परत येईन. आता नवऱ्याने बायकोला चारचौघांत नावाने हाक मारायची, म्हणजे जीव गेला तरी जमायचं नाही. (आप्पा स्वतः शेवंताबाईंना "ऐकं का" म्हणतात.) नवरा काठावर येतो, तोंड उघडतो, आणि आवाजच फुटत नाही. पुढे काय होतं, यासाठी सगळं नाटक. मोलगीच्या बाजारात, दुपारी, शेकडो माणसं नाटक बघत बसली होती. नवऱ्याने तोंड उघडलं, आणि लोक उठले. आधी एक बाई, मग दहा, मग सगळेच. बोचकी डोक्यावर घेऊन, पाठ फिरवून, चालते झाले. आप्पांचं तोंड त्यांच्याकडेच होतं. त्यांनी एकूण एक पाठ पाहिली.

"का उठले?" मी विचारलं.

"आवडलं नही. दुसरं काय," आप्पा म्हणाले आणि वही मिटली.

स्वयंपाकघरात शेवंताबाई हळू आवाजात म्हणाल्या, "तीस वरीस व्हयनात, ताई. बाकी गावेसमा लोके रडतस, टाया वाजाडतस. पन यासना जीव तठेच अटकेल शे. आते एकदाव लोके बठोत, शेवटलोंग बठोत, एवढंच पाह्यजे यासले."

त्या रात्री मला कळलं की मी निवांत प्रवासाला आलेले नाही. मलाही आता तेवढंच पाहिजे होतं, की मोलगीचे लोक बसावेत.

खांडबारा

तालीम खांडबाऱ्याला, स्टेशनामागे, पारसभाऊंच्या कापडाच्या गोदामात. पारसभाऊ मारवाडी व्यापारी. आजोबा राजस्थानातून आले, नातवाची अहिराणी मात्र आप्पांपेक्षा गोड. नाटकाचा पडदा चाळीस वर्षं त्यांच्याच दुकानातला, आणि जमनाचा नवरा पहिल्या प्रयोगापासून तेच. आता वय अडुसष्ट, पोट सुटलेलं. म्हणजे तीस वर्षांपूर्वी मोलगीत तोंड उघडून उभे राहिले होते, ते हेच.

"परीक्षकताई, मी तीस वरीसपाईन तोंड उघडं ठेईसन उभा शे," ते माझ्यासमोर ताग्यावर तागा रचून आसन करत म्हणाले. "आते तरी कोनी सांगा, बंद करू का नही!"

गोदाम रुळांना लागून आहे. गाडी आली की काही ऐकू येत नाही, म्हणून आप्पांची एक शिस्त आहे. गाडी जाईपर्यंत प्रत्येकाने आहे तसं थिजायचं. उचललेला हात उचललेला, रडणारीचं रडू तसंच. जो आधी हलेल त्याने सगळ्यांना चहा पाजायचा. त्या दिवशी एक लांबलचक मालगाडी गेली. डबे संपता संपेनात. पारसभाऊ तोंड उघडून उभे, कपाळावर घाम, आणि एक माशी नेमकी त्यांच्या नाकावर. आम्ही सगळे माशीकडे बघतोय. भाऊ हलले नाहीत. हसू मलाच फुटलं, आणि नाटकात नसूनही चहा मला पाजावा लागला.

यंदाची जमना सविता वसावे. मोलगीच्याच बाजूची, तिथल्या दवाखान्यात नर्स. सुट्टी काढून तालमीला यायची. (तीस वर्षांपूर्वी जमना एक बस कंडक्टर होता, मिशी पदराआड धरून त्याने काम केलं होतं, असं पारसभाऊंनी मला सांगितलं आणि आप्पांनी विषय बदलला.) सविताने नाटकात एक फार छान गोष्ट आणली होती. जमनाची सगळी वाक्यं ती भिलीत बोलायची. नवरा अहिराणीत भांडणार, बायको भिलीत उत्तर देणार. मला दोन्हींतलं निम्मंच कळत होतं, पण भांडण पूर्ण कळलं. लग्न झालेल्या माणसाला त्यात अडचण येऊ नये.

"आप्पा, बाराला सुरू करायचं हां," सविता सारखी बजावत होती. "उशीर झाला तर लोक बसणार नाहीत."

आप्पा मान डोलवत होते, पण त्यांचा चेहरा उतरत होता. त्यांना त्या वाक्यात फक्त "बसणार नाहीत" ऐकू येत होतं. का, ते त्यांनी विचारलं नाही. जन्मभर मुलांना "न कळलं तर विचारा" असं शिकवलेला माणूस, स्वतः तीस वर्षं विचारायला घाबरत होता.

मोलगीच्या वाटेवर

सकाळी दोन गाड्या निघाल्या. पिकअपमध्ये पडदा, सामान आणि वादक. जीपमध्ये आप्पा, पारसभाऊ, मी. शेवंताबाई आल्या नाहीत, म्हैस व्यायला झाली होती. त्यांनी निघताना गव्हाच्या बट्ट्यांचा डबा दिला आणि आप्पांच्या सदऱ्याचं वरचं बटण लावून दिलं.

तापीचा पूल ओलांडला, तळोदा मागे पडलं, अक्कलकुव्यानंतर रस्ता चढायला लागला. दोन्ही बाजूंना पळस फुललेला. मी आजवर पळस चित्रातच इतका लाल पाहिला होता, आणि चित्रकाराने जरा जास्तच रंग ओतला असं म्हणत आले होते. त्या अनाम चित्रकाराची मी घाटातच माफी मागितली. वळणावळणावर बाजाराला निघालेली माणसं दिसत होती. बाया एकामागे एक, डोक्यावर टोपल्या, हातात कोंबडी, चाल मात्र अशी की आमची जीप मागे पडेल. आणि पडलीच. एका वळणावर पिकअपचं चाक बसलं. दुसरं चाक चढवलं तर त्यातही हवा नव्हती.

मग काय, ड्रायव्हर आमच्या जीपमधून चाक घेऊन गेला आणि आम्ही पळसाखाली बट्ट्या खात बसलो. मघाशी मागे टाकलेल्या बाया एकेक करून आमच्यापुढे निघून गेल्या. एकीने थांबून आमच्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं आणि काहीतरी बोलून हसली. पारसभाऊंनी तिला बट्टी दिली. ती चालता चालता खात गेली. मला वाटतं, त्या प्रवासातला माझा सर्वात सुखाचा तास तोच. आप्पा मात्र घड्याळ बघत होते. अकरा, साडेअकरा, बारा. चाक आलं तेव्हा एक वाजून गेला होता.

मोलगी

बाजार डोंगराच्या खांद्यावर पसरलेला. मिरची, मीठ, कापड, कुदळी, चांदीचे दागिने, उडदाचे ढीग, आणि एवढी माणसं की पाय ठेवायला जागा नाही. सविता धावत आली.

"दोन वाजले, आप्पा! मी म्हटलं होतं ना? लवकर, लवकर!"

पिकअपच्या हौद्यावर पडदा बांधला. ढोल वाजला. पाच मिनिटांत माणसं दाटीवाटीने जमिनीवर बसली. आप्पा त्यांच्या पुढ्यात, नाटकाला पाठ करून, मांडीवर वही. मी त्यांच्या शेजारी, पण माणसासारखी, तोंड नाटकाकडे करून.

काय प्रयोग झाला म्हणून सांगू! सविताने भिलीत पहिली शिवी हासडली आणि बायांमध्ये जो हशा पिकला तो थांबेचना. नवरा गप्प बसला की म्हातारे हळहळायचे. भांडणाच्या शेवटी जमना चुलीवरचा तवा उलटा टाकून निघते, तेव्हा एक आजीबाई उठून "जा, जा!" असं ओरडल्या. मी आप्पांकडे पाहिलं. पेन्सिल हातात होती, पान कोरं. टिपण्यासारखी जांभईच कुणी देत नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद पसरत होता, पण त्यावर विश्वास ठेवायची त्यांची हिंमत होत नव्हती.

पारसभाऊ काठावर आले. तोंड उघडलं.

आणि एक बाई उठली. टोपली डोक्यावर घेतली. तिच्यामागे दुसरी. मग पाचजण. मग सगळेच उठायला लागले.

"देखा, परत तेच व्हई ऱ्हायनं," आप्पा म्हणाले. एवढंच. मिटण्यासाठी त्यांचे हात वही शोधत होते, आणि वही मांडीवरच होती.

पण मी मास्तरीण; वर्गातून कुणी न विचारता उठलं तर कारण विचारल्याशिवाय मला चैन पडत नाही. शेजारी एक म्हातारेबाबा काठी टेकत उठत होते. मी त्यांची वाट अडवली.

"बाबा, का निघालात? आवडलं नाही?"

त्यांना माझी मराठी पुरेशी कळली नसावी. ते भिलीत बरंच बोलले आणि काठीने लांब दाखवलं. तेवढ्यात सविता पिकअपवरून उडी मारून आली.

"हे खेमजीबाबा," ती म्हणाली. "ते म्हणतात, त्या दोन डोंगरांच्या पलीकडे घर आहे. आत्ता निघालं नाही तर अंधार पडेल. म्हणूनच तर मी बारा म्हणत होते!"

"म्हंजे?" आप्पा म्हणाले.

"म्हणजे काय आप्पा, बाजाराला आलेला माणूस तीन-साडेतीनला निघतोच. जीप सगळीकडे जात नाही. त्या वेळी तर जीपच नव्हती."

धानोऱ्याच्या सपाटीवर बाजारातून घर हाकेच्या अंतरावर असतं. तिथे दुपार कलली की माणूस मोकळा होतो, पारावर बसतो, नाटक बघतो. आप्पांनी आयुष्यभर तेच गृहीत धरलं होतं. घरी पोचायचं असतं म्हणूनही कुणी उठू शकतं, हे सपाटीवरच्या माणसाच्या डोक्यात आलंच नव्हतं!

खेमजीबाबा अजून बोलतच होते, जरा रागावूनच. सविता ऐकता ऐकता हसायला लागली.

"आप्पा, ते म्हणतात, मागच्या वेळीही तुम्ही असंच अर्धं दाखवलं. ते होते तेव्हा. तो माणूस असाच तोंड उघडून उभा होता. पोट एवढं नव्हतं तेव्हा, पण हाच होता. ते विचारतात, त्याने हाक मारली का?"

खेमजीबाबा पुढे बोलतच होते, सविता सांगत होती.

"ते म्हणतात, आम्ही पाड्यावर पोचेपर्यंत रस्ताभर तेच बोलत होतो. कुणाला माहीत नव्हतं. मग आम्हीच ठरवलं. एकट्याचा आवाज नाला ओलांडत नाही, म्हणून सगळ्या पाड्याने मिळून हाक मारली. पोरांना आम्ही अशीच सांगतो ती गोष्ट. खरं काय झालं?"

आप्पांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांच्या नाटकात नवरा शेवटी एक बारीकशी हाक मारतो. सपाटीवरची माणसं त्यावर डोळे पुसतात. ते त्यांनी सांगितलंच नाही.

"त्यासले सांग," ते सविताला म्हणाले, "तेच खरं शे."

आणि मग चौऱ्याहत्तर वर्षांच्या त्या माणसाने अशी काही धावपळ केली की मी बघतच राहिले. "सविता, तू आठेच थांब, हाऊ काठ तुन्हा माहेरना! पारस, तू त्यासना संगे जा! नाला वलांड, पल्याड चढ, मंग तोंड उघड!"

"पल्याड? आप्पा, मन्हं पोट देखा," पारसभाऊ म्हणाले.

"जाय!"

मोलगीच्या टोकाला वाट नाल्यात उतरते आणि समोरच्या उतारावर चढते. नाल्यात पाण्याची नुसती रेघ होती. माणसं ओळीने उतरली, बोचकी, टोपल्या, कोंबड्या घेऊन. आणि त्यांच्या मधोमध जमनाचा नवरा, धोतर खोचून, एका हाताला खेमजीबाबा, दुसऱ्या हाताला बट्टी खाल्लेली ती बाई. दोघांनी त्यांना जवळजवळ ओढतच वर नेलं. अलीकडच्या काठावर सविता, वादक, आप्पा आणि मी.

आप्पा बसले. उठले. परत बसले. माझ्या लक्षात आलं, त्यांची पंचाईत झाली होती. नाटक समोर, प्रेक्षकही समोर. पाठ करायची कुणाकडे? शेवटी ते तोंड समोर करून बसले, आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा स्वतःचं नाटक बघायला लागले.

पलीकडे पारसभाऊ वळले. धापा टाकत होते ते इथूनही दिसत होतं. त्यांनी तोंड उघडलं. उतारावरची सगळी माणसं थांबली आणि वळली.

"जमनाऽऽ!"

बाया, म्हातारे, पोरंबाळं, सगळा डोंगर ओरडला होता. कोंबड्या फडफडल्या. बाजारातली उरलेली माणसं धावत काठावर आली. दुसरी हाक आली. सविताने पदर सावरला. तिसरी हाक आली तेव्हा ती उतारावरून धावत सुटली, अनवाणी, नाल्यातलं पाणी उडवत, आणि पलीकडच्या लोकांनी तिला हातांनी वर ओढून घेतलं. हशा, शिट्ट्या, कुणीतरी ढोल मागितला. मग खेमजीबाबांनी सूर्याकडे काठी दाखवली, आणि माणसं वळून घराकडे चालायला लागली. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत; हात रिकामे नव्हते.

ओळ डोंगराआड जाईपर्यंत आप्पा बघत होते. तेवढ्यात मी त्यांना माझ्या शेऱ्याचं खरं सांगून टाकलं, की तो टोमणा होता. त्यांनी ऐकलं असावं.

"मंग काय व्हयनं," ते म्हणाले. "समजामा चूक सगयासनी व्हस."

पारसभाऊ आणि सविता तासाभराने परत आले. भाऊंच्या दोन्ही खिशांत लोकांनी बोरं भरली होती.

"मन्हं तोंड बंद व्हयनं एकदाव," भाऊ म्हणाले, आणि बोर तोंडात टाकलं.

परत धानोरा

त्या रात्री सविताच्या घरी मक्याची भाकरी आणि उडदाची डाळ खाऊन झोपलो. दुसऱ्या दिवशी दुपारी धानोऱ्याला पोचलो. म्हैस व्यायली होती. शेवंताबाईंच्या हाताला अजून खरवसाच्या चिकाचा वास होता. जीपचा आवाज ऐकून त्या तशाच ओट्यावर आल्या. आप्पांचा चेहरा त्यांना उन्हामुळे नीट दिसत नव्हता. हात पदराला पुसत, जरा घाबरतच, त्यांनी विचारलं,

"बठनात का लोके? शेवटलोंग?"

"नही," आप्पा म्हणाले. ते हसत होते, इतके की त्यांना जीपचं दार धरावं लागलं. "नही बठनात! समदा उठी गयात!"